शेवटचे जिवंत दिसले तेव्हा

आमच्या फॉर्मवर दोन वेळा मागतात:
शेवटचे जिवंत दिसले कधी,
आणि सापडले कधी.
दोहोंमधल्या वेळाचा पगार मला मिळतो,
रात्रपाळीला तासामागे दीड डॉलर जास्त.

आज लेनर्ड यूर्कोनिस. वय एक्क्याऐंशी.
पेनसिल्व्हेनियातल्या एका उतारावरचं घर,
मागे खाणीतून उपसलेल्या चुऱ्याची टेकडी,
वर्षातले दोन महिने पांढरी, एरवी काळीच.
स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसलेले,
एक बूट काढलेला,
दुसऱ्याच्या नाडीला दुहेरी गाठ.
भिंतीवर कॅलेंडर आमच्याच साहेबांच्या दुकानाचं.
कॉरोनर इथे मतांवर निवडून येतो,
आणि आमच्याचं अंत्यविधीचं दुकान पिढीजात आहे.
हसायचं नाही, मी मला बजावते.
दर वेळी.

हातमोज्यातल्या अंगठ्याने पोटरी दाबते.
साकळलेलं जांभळं रक्त हटत नाही.
जबडा ताठरून पुन्हा सैल पडू लागलेला.
गोळ्यांच्या डबीत रविवार रिकामा, सोमवार भरलेला.
दुधाची तारीख बघते, थर्मोस्टॅट बघते,
पाकिटात सदतीस डॉलर
आणि दातेरी कडांच्या फोटोत एक बाई, ऊन डोळ्यांवर आलेली.
मोजते, लिहिते, सही करते.
मेलेल्यांचं सोपं असतं. ते काही लपवत नाहीत,
लपवायला उठावं लागतं.

अवघड व्हर्ना हुडॉक.
शेजारीण. अंगात नवऱ्याचा कोट, पायात सपाता.
शेवटचे कधी दिसले?
"दिसले नाहीत," ती म्हणते, "फावडं ऐकलं.
सोमवारी, सव्वासहाला. मी अंथरुणातच होते.
माझ्या दारापुढचा बर्फ आधी काढतात ते,
मग स्वतःचा.
आवाज थांबला, मला वाटलं, झालं काम.
मी कूस बदलली."

बाहेर जाऊन टॉर्च मारला.
वर नंतरचा चार बोटं भुरभुरलेला,
तरी खालची पायरी कळते:
तिच्यापुढची फरशी कडेपर्यंत खरवडलेली,
यांच्यापुढची निम्मी.
निम्म्यावर फावडं उभं रोवलेलं,
आत्ता येतो म्हणून ठेवावं तसं.

फॉर्मवर छापलंय, दिसले.
मी ते खोडून वर लिहिलं, ऐकू आले.
साहेब सकाळी विचारतील, हे काय.
विचारू देत.

मुलगा टॅम्पाला. फोन मीच करायचा.
गेले, वारले, सुटले, शांत झाले,
यातलं काही म्हणायचं नाही, असा नियम.
मी एकदा गेले म्हटलं होतं,
तर समोरच्याने विचारलं, कुठल्या हॉस्पिटलात?
आणि गाडीची चावी शोधू लागला.
तेव्हापासून मेले.
गारगोटीसारखा शब्द, जिभेवर घोळवायचा नाही.
मी म्हटला.
पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाला.
कुत्र्याच्या नखांचा फरशीवर आवाज.
बऱ्याच वेळाने त्याने विचारलं,
"व्हर्नाच्या दारापुढचा काढून झाला होता?"
हो, म्हटलं. कडेपर्यंत.
"बरं," तो म्हणाला,
आणि मग कुठे त्याला रडू आलं.

पाचच्या सुमाराला पेट्रोल पंपावर कॉफी.
गल्ल्यावरचा पोरगा, छातीवरच्या पट्टीवर एमरिक,
मान वर न करता म्हणतो,
जपून जा, पुलावर निसरडं झालंय.
मी उगाच थांबते. विचारते, पोर्टर स्ट्रीट मोकळी आहे का.
तो बघतो. डोळे करडे, झोपाळू.
बघितलं त्याने.
पावती चुरगळणार एवढ्यात मागून घेते.
चार बावन्न.
कोटाच्या आतल्या खिशात ठेवते,
मी पहिल्यांदा जिथे हात घालते,
तिथेच.