वायव्येचा वारा

इथे आभाळ निळंभोर.
अरापेराच्या ओठांवर धूळ, केसांत धूळ,
थर्मासच्या झाकणातल्या चहात धूळ.
रांगिताताच्या पात्रात गोटेच गोटे, राखी,
आणि त्यातले दोन गोटे
अंडी आहेत.

कुठले दोन, ते तिलाही
खुणेची काडी बघूनच कळतं.

पक्षी मुठीएवढा. नाव न्गुतु पारे.
चोच टोकाशी उजवीकडे वळलेली,
एकूण एकाची उजवीकडेच;
दगडाखालची अळी काढायला
नदीनंच बसून मुरड घातल्यासारखी.

आज एकविसावा दिवस. अजून दहा-बारा हवेत.

पश्चिमेला डोंगरांवर ढगांची कमान.
फर्गस फोनवर म्हणाला,
"पलीकडे कोसळतोय. काल रात्रीपासून."
पलीकडचा पाऊस इकडे कधी दिसत नाही.
येतो तो त्याचा वारा, तापलेला, कोरडा ठक्क,
आणि काही तासांनी पाणी.

फर्गसच्या वडिलांच्या वह्यांत
एक पूर सप्टेंबरात, मग थेट नोव्हेंबर संपताना.
मधल्या फटीत पिल्लं पळायला शिकायची.
फर्गसच्या वह्यांत
ती फट बोटानं चाचपावी लागते.

तिनं घरटं सरकवायला घेतलं होतं,
रोज हातभर, त्याहून जास्त नाही,
नाहीतर जोडी पाठ फिरवते.
तीन दिवस, तीन हात.
उंचवटा अकरा हातांवर.

गणित इतकं सोपं असू नये.

बरं, पुराला शिव्या द्याव्यात,
तर ल्युपिनची जांभळी झुडपं उपटून नेणारा तोच.
तो आला नाही तर दोन वर्षांत
सगळं पात्र फुलांनी भरतं, पर्यटक फोटो काढतात,
आणि अंडी ठेवायला उघडा गोटा उरत नाही.
अंगण झाडणारा हातच तो.
पाहुणे जेवायला बसलेले असताना
झाडू घेऊन आला, एवढंच.

चार वाजता पाणी आलं.
दुधाळ, फारसा आवाज न करता,
गोट्यांमधून वाट वाकडी करत.
मादी उठली नाही.
पोटाला लागलं तेव्हा उठली,
दोन पावलं बाजूला सरकली
आणि उभी राहिली,
कुणा मोठ्या माणसाला वाट दिल्यासारखी.

अरापेरानं काडी उपटून घेतली.
तक्त्यात तारीख लिहिली. अंडी: दोन. कारण: पूर.
हवामानाच्या रकान्याशी
पेन थोडं अडलं.
मग तिनं मान वर करून पाहिलं
आणि खरं तेच लिहिलं:
निरभ्र.