अर्धी साक्ष

मंडळी, साक्ष द्यायला उभी आहे,
पण माझी साक्ष अजून पुरी झालेली नाही.
पाळकसाहेबांना तसं सांगितलं होतं.
म्हणाले, आहे तेवढी सांग.

नाव सुवार्ता. आजोबांनी हौसेनं ठेवलेलं.
सुवार्ता रणभिसे, अठरा वर्षं
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासते.
शाई उडालेली, आकडा सरकलेला, कड तिरकी,
हात आपोआप थांबतो.
परवाच्या नाही, त्याआधीच्या आगमनकाळात
दुसरी मेणबत्ती लागली त्या रविवारी
तो हात माझ्यावरच थांबला
आणि पुढे सरकेना.
अख्खं पान बाद.

रडू नव्हतं. रडू आलं असतं तर बरं झालं असतं.
कुकरची शिट्टी व्हायची आणि वाटायचं,
शेजारी कुणाकडे तरी स्वयंपाक चाललाय.
गंगेवरच्या पुलावरून जाताना
मी रिक्षात मधोमध बसायची.
का, ते विचारू नका.

आणि प्रार्थना?
गुडघे टेकायचे, टेकलेलेच राहायचे.
वर काय पोचत होतं माहीत नाही.
खालचा फरशीचा गारठा मात्र
मला नेमका कळत होता.

तुम्ही घरी आलात, उपकार आहेत.
केक आणलात. डोक्यावर हात ठेवलेत.
कुणी म्हणालं, विश्वास कमी पडतोय.
कुणी म्हणालं, फळ हवं असतं म्हणून देव छाटतो.
मी हो म्हणाले.
तेव्हा मी सगळ्यालाच हो म्हणत होते.
आत कपाटात, नाताळच्या झालरींमागे,
गोळ्यांची पट्टी होती.

शरणपूर रोडला, दुसऱ्या मजल्यावर, लहानशी पाटी.
जिना चढण्याआधी मी रस्ता तपासायची,
प्रेसमधल्या नजरेनं.
डॉक्टरीणबाईंना म्हणाले, माझा देव गप्प झालाय.
त्या म्हणाल्या, झोप किती तास लागते?
मला राग आला.
घरी येईपर्यंत आठवला तो संदेष्टा,
आता पुरे, म्हणून झुडपाखाली आडवा झालेला.
त्यालाही आधी कुणी उपदेश केला नव्हता.
झोपू दिलं. भाकर दिली.
मग पुन्हा झोपू दिलं.

गेल्या ऑक्टोबरात पिंपळगावहून
सगुणाबाई पारखे आल्या, थेट बागेतून,
नखांत लाल रंग तसाच.
पट्टी टेबलावरच होती, लपवायला वेळ नव्हता.
त्या बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या.
म्हणाल्या, "छाटणी झाली ना पोरी,
की आम्ही काडीच्या डोळ्यांना पेस्ट लावतो.
एकेक डोळा, हातानं. कंबर मोडते.
नुसतं छाटून सोडलं तर
निम्मे डोळे फुटतच नाहीत.
आता औषध लावलं म्हणून
वेलीचा विश्वास कमी होता
असं आमचा मालक तरी म्हणत नाही."
मग चहा मागितला. साखर जास्त.

बरी झाले, असं म्हणणार नाही.
काल पुन्हा पहाटे तीनला जाग आली.
खिडकीशी उभी राहिले. खालून एक टेम्पो गेला,
रिकामे क्रेट खडखडत,
कुठल्या तरी बागेकडे, खुडणीला.
तोंडातून निघून गेलं, "ऐकतोयस ना?"
उत्तर आलं नाही.
पण विचारलं मी. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

एवढंच.
आणि त्या जिन्यावर मला जी भेटली,
जिच्याबरोबर मीही भिंतीकडे बघत
घाईनं खाली उतरले,
तिचं नाव मी घेणार नाही.
ती आज इथेच बसली आहे.
बाई, मी गुरुवारी साडेपाचला येते.
जिन्याखाली रसवंती आहे,
तिथे बाकावर दोघींपुरती जागा आहे.