दुसरा टी

मिडल्सब्रोमधल्या एका चर्चच्या मागचा हॉल.
रेडिएटर तापेपर्यंत
आम्ही कोट घालूनच बसतो.
टेबलावर प्लास्टिकचं गर्भाशय,
कुणीतरी दान दिलेलं,
डावं अंडाशय हरवलेलं.

"केवढं असतं ते?" गुलचेहरा विचारते.
बदामाएवढं, मी सांगते.
ती कोटाच्या खिशातून एक बदाम काढते,
फुंकर मारते,
आणि जागच्या जागी बसवते.

तीस वर्षं मी वॉर्डात काढली.
या सगळ्याची नावं इंग्रजीत
भाजीच्या यादीसारखी घेतली.
मराठीत मात्र अजून माझ्या तोंडी
'तिथे', नाहीतर 'खाली'.
आमच्यात कावळा शिवतो म्हणतात, असं एकदा सांगितलं,
तर इंग्रजीतून अरबीत, अरबीतून तिग्रिन्यात
पोचेपर्यंत कावळ्याचं काय झालं कोण जाणे,
लेतेब्रहान हसत सुटली
आणि असं काही बोलली
की भाषांतर करायला कुणी धजेना.

आज गोळ्यांचं पाकीट हीच अंकलिपी.
एम, टी, डब्ल्यू, टी.
"दोन टी कशाला?" इखलास.
एक मंगळवार, एक गुरुवार.
"मग कुठला कुठला, कळायचं कसं?"
शेजारी कोण बसलंय ते बघायचं.
ती मान हलवते. माणसांचंही तसंच, म्हणते.
बाण मात्र तिला आधीपासून वाचता येतो.

इखलासचा डावा अंगठा
छावणीतल्या एका तंबूत निळ्या शाईत बुडवला होता.
कागदावर काय होतं, कुणी सांगितलं नाही.
मग चार वर्षं मूल नाही म्हणून
नवऱ्याने, सासूने,
तिने स्वतःसुद्धा
तिलाच बोल लावला.
इथल्या नर्सने दंडावरून बोट फिरवलं
तेव्हा सापडली कातडीखालची काडी.
हे ती सांगत होती तेव्हा
मी फळ्यावर 'सही' हा शब्द लिहीत होते.
अर्धाच राहिला.

पिशवीतून ती पत्र काढते.
घड्याळामागे अकरा महिने पडलेलं.
बोट ठेवून, ओठ हलवत:
डि... अर.
"म्हणजे?"
प्रिय.
"कोण?"
तू.
"मला न बघताच?"

पुढची ओझी दोघींनी मिळून उचलली.
गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी.
कशासाठी. किती मिनिटं.
बाईच डॉक्टर हवी असेल तर तसं सांगा.
आणि शेवटची ओळ, ती तिने एकटीने वाचली:
यायचं की नाही, ते तुम्ही ठरवायचं.
परत वाचली.
मग माझ्याकडे न बघता
आणखी एकदा.

फोन तिचाच. माझा नको म्हणाली.
पलीकडची बाई एक वार सुचवते.
इखलास गोळ्यांच्या पाकिटावर बोट फिरवते,
थांबते.
"थर्सडे नो," म्हणते. "थर्सडे माझी शाळा.
तो दुसरा टी. मला पहिला द्या."

आवरताना पाहिलं,
बदाम जागेवर नव्हता.
लेतेब्रहानची तीन वर्षांची पोर
टेबलाखाली बसून
शांतपणे काहीतरी चावत होती.