सुंभ

मोचेमाडच्या खाडीलगत, झापांच्या शेडीत,
भागीरथी केळुसकर कमरेला काथ्या बांधून
मागे मागे चालते.
सून रहाट फिरवते, आणि दोघींच्या मधे
दोर लांबत जातो, हवेतूनच निघाल्यासारखा.

मी सुट्टी आणि लॅपटॉप घेऊन
उपड्या टोपलीवर बसलेली.
पडद्यावर एक डाग.
"ह्यां काय गो?"
तारा. म्हणजे, होऊ घातलेला.
सूर्याच्या वीसपट, पण अजून धुळीत गुरफटलेला,
तोंड दाखवत नाही.
दिसतात त्या फक्त या दोन पिचकाऱ्या,
एक वर, एक खाली,
सेकंदाला पाचशे किलोमीटर.
म्हणजे एका सेकंदात इथून मुंबई, एसटीशिवाय.

"खाता नि थुकता?"
हो. जेवढं आत येतं त्यातलं थोडं बाहेर.
"गुटगुटीत पोरां जास्तच ओकतत,"
ती म्हणाली, आणि पुन्हा मागे चालू लागली.
एवढ्याचसाठी मी तीन वर्षं आलेख काढले होते:
वस्तुमान आडवं, उधळण उभी.

मग मी तिला पीळ सांगितला.
भोवतीचा वायू गरगरत येतो, काकी,
आणि गिरकी सोडल्याशिवाय कुणालाच आत पडता येत नाही.
चुंबकाच्या रेषा वळल्या जातात, तुझ्या काथ्यासारख्या.
त्या पिळाला धरून थोडा वायू निसटतो,
सगळ्यांची गिरकी घेऊन जातो.
उरलेला पडतो. त्याचा तारा होतो.

तिने हात वर केला. रहाट थांबला.
"सुंभ जळलो तरी पीळ जाणा नाय म्हणतत.
आनि तुझो तारो
पीळ टाकता म्हणान जळता?"

प्रबंधात हे कुठे घालावं, मला कळेना.
बांधावरच्या एका माडावरून
दिराशी तिचं चौदा वर्षं बोलणं नाही,
गावात सगळ्यांना ठाऊक आहे.
मी गप्प. तीही हसली नाही.
रहाट पुन्हा कुरकुरला.

रात्री वीज गेली तेव्हा आम्ही पुळणीवर.
दक्षिणेला वृश्चिकाची नांगी वर आलेली.
त्या बाजूला, मी बोट दाखवलं.
"काय नाय थंय."
दिसत नाही. पण पिचकारीच्या वाटेवर पाणी आहे,
वाफ, रेडिओत लखलखणारी;
तिच्यावरूनच आम्हाला ठाव लागतो.

ती बराच वेळ काळोखाकडे बघत राहिली,
तळव्यातली कुसळं नखाने काढत.
"पाणी," ती म्हणाली,
"गोडां काय खारां?"