चौदा मीटर

लक्ष्मीपुरीत उपाध्यांच्या दुकानात
वायरींची वेटोळी खुंट्यांवर लटकतात,
बैलबाजारात कासरे लटकावेत तशी.
उपाध्ये आधी महागातली दाखवतात, रीत म्हणून.
जाड, निळी, अंगावर जाळीचं कापड,
मीटरला चौदाशे.
"ह्यातनं आवाज कसा येतोय, माहितीय? लोण्यागत!"
लोणी नको, म्हटलं. मला लांबी पाहिजे.
चौदा मीटर.

मग खालच्या खणातून निघाली
साधी, दोन पदरी, आरपार दिसणारी,
एका कडेला बारीक लाल रेघ.
अडतीस रुपये.
मी खिशातनं ब्लेड काढलं.
एकोणचाळीस वर्षं उद्यमनगरात लेथवर गेली,
धातू कुणाच्या तोंडच्या शब्दावर घेत नाही.
टोक खरवडलं. आतही तांबडीच.
मागच्या वर्षी जत्रेतनं आणलेली आतनं पांढरी निघाली होती,
वरवर तांबं, पोटात ॲल्युमिनियम,
गुजरीच्या बाहेर पथारीवर मिळणाऱ्या पाटल्यांसारखी.

"एवढी लांब कशाला ओ? हॉल केवढाय तुमचा?"
हॉल नऊ बाय दहा.
पण मालन हॉलमध्ये बसत नाही.

मालनचा उजवा कान इचलकरंजीतच राहिला.
सव्वीस वर्षं मागाच्या शेडमध्ये,
दोन माग डावीकडे, चार उजवीकडे,
म्हणून उजवा आधी गेला, असं तिचं म्हणणं.
डॉक्टर काहीतरी वेगळं म्हणाले होते.
ते तिच्या उजव्या बाजूला उभे होते.

तेव्हा गाण्याची उजवी बाजू
आमच्या घरात रोज वाया जायची.
स्टिरिओत माणसं वाटून बसवलेली असतात,
तबला इकडे, सारंगी तिकडे,
आणि तिकडची मंडळी कितीही घाम गाळोत.
मी ठरवलं : दोन्ही स्पीकर तिच्या डाव्या हाताला,
स्वयंपाकघरात, फळीवर, हळदीच्या बरणीला लागून.
सात मीटर एकाला, सात दुसऱ्याला.
वायर मोजता मोजता जमीर म्हणाला,
"काका, मग ह्याला स्टिरिओ कशाला म्हणायचं?"
नको म्हणूस.

रविवारी चौकटीवरनं, कॅलेंडरच्या पाठीमागनं,
मीटरच्या पेटीखालनं ओढत नेली,
दर वितीला एक खिळा.
लाल लालला, काळं काळ्याला, घट्ट पिळून.
गाणं लावलं.
मला छान वाटलं. मोकळं मोकळं, भिंतीच्या बाहेरनं आल्यासारखं.
मालन लसूण सोलत होती.
"गाणारी बाई कुठं गेली?"
हाय की.
"न्हाई. पेटी हाय, टाळ हाईत. बाई न्हाई."

दोन धडधाकट कानांचा मी
फळीशी वाकलो, बॅटरी धरली.
दुसऱ्या स्पीकरची लाल रेघ काळ्यात गेलेली.
एकाचा पडदा पुढे यायचा तेव्हा दुसऱ्याचा मागे,
आणि दोघांच्या ओढाताणीत
मधोमध उभी असलेली बाई पुसली जायची.

सहा मागांच्या खडखडाटात
कुठल्या मागाचं सूत तुटलं
हे हिला मान न वळवता कळायचं, असं तिची शेठाणी सांगायची.
मी ते आजवर कौतुकाचं बोलणं समजत होतो.

टोकं सोडवली, उलटी केली.
मालन काही बोलली नाही.
लसणाची पाटी तेवढी फळीकडं सरकवली,
आणि गाणं संपल्यावर म्हणाली, जरा बारीक कर,
शेजारी पोरगं झोपलंय.

जमीरनं हातभर जास्तच दिली होती.
सकाळी बघतो तर
दोडक्याचा वेल जाळीला बांधलेला,
लाल रेघेची गाठ.
चांगल्यातली होती का, विचारते.
बांध, म्हटलं.
अडतीसचीच आहे.