हातचा

अंदाजपत्रकाच्या तिसऱ्या पानावर
एक जागा मी रिकामी सोडते.
बाकी सगळं आधीच टाइप करून ठेवते:
दवाखाने, पेन्शनी, ओवेंदोचा रस्ता,
पंख्यांची दुरुस्ती.
ती जागा बॅरलच्या भावाची.
तो दूरच्या कुठल्यातरी पडद्यावरून येतो,
जिथं आमची ओगोवे नदी
कुणी पाहिलेली नाही.

इबिंगासाहेबांनी तिथं एकशे दहा सांगितले
त्या वर्षी आमच्या मजल्यावर शॅम्पेन आली,
प्लास्टिकच्या पेल्यांतून.
पोर्ट-जांतीच्या शाळेला दुसरा मजला मंजूर झाला,
माझ्या बहिणीची शाळा.
तिची शून्यं मी दोनदा मोजली, आनंदानं.
सगळं लिब्रेव्हिल एकदम सिमेंट मागत सुटलं.
गवंडी मिळेनात. केळी महागली.
बैठकीत कुणीसं म्हणालं,
थोडं बाजूला ठेवू या का?
बहुधा तो नवा मुलगा, एन्झांबा.
सगळे हसले.
वाईट नव्हते हसणारे,
त्यांचीही छपरं गळत होती.

मग त्या जागेत एकावन्न.
मग खोडून अडतीस.
मी तीच यादी उघडून
खालून वर पुसत आले,
नेमकी तेव्हा, जेव्हा तळावरची माणसं
हेल्मेटं परत करून घरी बसली होती
आणि दवाखान्यांपुढे रांगा होत्या.
आधी पंखे बंद पडले,
मग पंखेवाला.

ओदेत फोनवर सांगते,
दुसऱ्या मजल्याच्या सळया तशाच उभ्या आहेत
आभाळात, गंजून.
पोरं त्यांवर ओले शर्ट वाळत घालतात.
खाली ती बेरीज शिकवते:
आठ आणि सात पंधरा,
पाच लिहा, हातचा एक.
परवा एका पोरीनं विचारलं,
हातचा ठेवायचा कुठं, बाई?
ओदेत सांगताना हसत होती.
मला ते दोन दिवस पुरलं.

आज साहेब शीळ घालत आले.
सत्त्याऐंशी घाल, म्हणाले,
आणि वर जायची जागा ठेव.
घातले.
मग छापील प्रतीवर, आकड्याच्या डोक्याशी,
पेन्सिलीनं अगदी बारीक
एक लिहिला.
सही होण्याआधी कुणीतरी खोडेल तो,
कदाचित मीच.
खाली फाटकाशी
सिमेंटचा ट्रक हॉर्न वाजवत होता,
आणि पहारेकरी, चपला शोधत,
आलो आलो म्हणत होता.