खापरखवल्या

सप्टेंबर संपताना, खिंगरच्या टेकाडावर
स्ट्रॉबेरीचे वाफे ओढत होतो
तेव्हा सिंधूमावशीच्या कुदळीखालून
एका ढेकळासोबत तो वर आला.
वीतभर. करंगळीएवढा जाड.
काळाच म्हणायचा, पण ऊन पडलं की
रॉकेल सांडलेल्या डबक्याचे रंग.
कडेनं पिवळा काठ,
जुन्या लुगड्याला असतो तसा, मध्येच विटलेला.

"दुतोंड्या हाय," निवास ओरडला.
"सहा म्हैने हिकडनं चालतो, सहा म्हैने तिकडनं."
मावशी म्हणाली, "दोन तोंडं असती
तर एकानं तरी बोंबलला असता की रं."

तोंड एकच. तेही टोकदार, दाभणासारखं,
डोळे म्हणजे मोहरीचे दोन ठिपके.
दुसरीकडं शेपूट नाही, खापर:
खरखरीत, तिरकं तासलेलं,
वर तांबड्या मातीचा लिंपा.
भुईत शिरला की हेच मागं उरतं.
दार ओढून घेऊन जाणारा
एवढा एकच पाहुणा मला माहीत आहे.

चावत नाही. गांडुळं खातो.
पावसाळाभर वर येतो, तेही पाणी फार झालं तर.
हातावर घेतला तर बोटाला वेढा घातला
आणि दोन बोटांच्या बेचक्यात
नाक खुपसून राहिला.
माती शोधत होता.
माझ्याकडं नव्हती.

गेल्या साली याच बांधाला
एक कुदळीत तुटली.
पोटात अंडी नव्हती,
पाच पिल्लं होती, काठासकट, खापरासकट तयार.
मावशीनं त्या दिवशी भाकरी सोडली नाही फडक्यातून.
तेव्हापासून ती घाव घालायच्या आधी
दांड्यानं दोनदा जमीन ठोकते.
दारावर ठोकावं तशी.
मुकादम हसतो.
आज ठोकलं होतं का, मी विचारलं नाही.

बांधाकडं, नाचणीच्या कडेला ठेवला.
थोडा वेळ पडूनच राहिला, मेल्यासारखा.
मग डोकं गेलं, काठ गेला,
खापर उरलं, मग तेही
आजूबाजूच्या खड्यांतलं एक झालं.

आम्ही वाफ्यावर काळा कागद अंथरला,
कडा मातीनं दाबल्या.
खाली कोण कोण झाकलं गेलं
त्याचा हिशोब हजेरीत नसतो.

निवास अजून बांधावर उकिडवा,
गुडघ्यांवर हनुवटी,
दुसऱ्या तोंडाची वाट बघत.